गोल्फच्या मैदानावरचा रेडिओ आणि साडेबारा किलोहर्ट्‌झचा वाफा

अमेरिकेतल्या एखाद्या गोल्फ मैदानावर रात्री दोन वाजता जाऊन उभं राहिलात तर माणूस एकही दिसणार नाही, पण काम जोरात चाललेलं असेल. एका फेअरवेवरचे, म्हणजे होलकडे जाणाऱ्या गवताच्या लांब पट्ट्यावरचे, स्प्रिंकलर खाली बसतात, पलीकडचे जमिनीतून डोकं वर काढतात, मग ग्रीनवरच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरच्या, स्प्रिंकलरची पाळी येते. अठरा होल्सचं मैदान म्हणजे दीडशे एकरांच्या आसपास जमीन, आणि तिच्यात हजाराच्या घरात, कधी त्याहूनही जास्त स्प्रिंकलर पुरलेले. कोणता कधी आणि किती मिनिटं चालायचा हे देखभालीच्या शेडमधला एक कॉम्प्युटर ठरवतो. त्याचा हुकूम मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला कुठे जमिनीखालच्या तारेतून पोचतो, आणि बऱ्याच ठिकाणी रेडिओवरून.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण गोल्फ मैदानावरचा रेडिओ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो कर्मचाऱ्यांच्या कमरेचा वॉकीटॉकी. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, १ जानेवारी २०१३ पासून रेडिओच्या चॅनेलच्या रुंदीचा नियम बदलला. तो वॉकीटॉकीला लागू होता तसाच झुडपाआड उभ्या असलेल्या, स्प्रिंकलर चालवणाऱ्या हिरव्या पेटीतल्या रेडिओलाही होता. वॉकीटॉकी दिवसभर हातात असतो, त्यामुळे तो कुणी विसरत नाही. पेटी विसरली जाते.

नियम थोडक्यात असा. १५० ते १७४ मेगाहर्ट्‌झ आणि ४२१ ते ५१२ मेगाहर्ट्‌झ या दोन पट्ट्यांत एफसीसीचा परवाना घेऊन जे रेडिओ चालतात, त्यांनी २५ किलोहर्ट्‌झऐवजी साडेबारा किलोहर्ट्‌झ किंवा त्याहून कमी रुंदीत काम करायचं. पोलीस, अग्निशमन दल, बांधकाम कंपन्या, टॅक्सीवाले हे सगळे यात आले. गोल्फसाठी वेगळा कायदा कुणी केला नव्हता. या सगळ्यांना जो एकच नियम लागला, त्यात पंधरा हजारांवर गोल्फ मैदानंही आपसूक आली.

जागा तीच, वाफा अरुंद

इथे पहिला घोटाळा होतो. ‘फ्रिक्वेन्सीचा नवा नियम’ ऐकलं की लोकांना वाटतं, आपली फ्रिक्वेन्सी गेली, आता दुसरी घ्यावी लागणार. तसं काही नाही. फ्रिक्वेन्सी म्हणजे आपला वाफा शेतात नेमका कुठे आहे ते, आणि रुंदी म्हणजे तो किती पसरला आहे ते. नियमाने वाफ्याची जागा हलवली नाही. दोन्ही बाजूंचे बांध आत सरकवले आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसऱ्याला वाफा करून दिला.

योगायोग असा की एफसीसीतही या प्रकरणाला ‘रिफार्मिंग’च म्हणत, म्हणजे तीच जमीन नव्याने वाटून पुन्हा कसायची. ही प्रक्रिया १९९२ साली सुरू झाली. कारण सरळ होतं. रेडिओ वापरणारे वाढत गेले, पण पट्टा तेवढाच राहिला. नवी जमीन निर्माण करता येत नाही, मग आहे तीच बारीक वाटायची. १४ फेब्रुवारी १९९७ पासून नव्याने मान्यता मिळणाऱ्या संचांना साडेबारा किलोहर्ट्‌झवर चालता येणं बंधनकारक झालं. व्यवसायांसाठी २०१३ ची मुदत २००३ मध्ये ठरली. १ जानेवारी २०११ पासून रुंद पट्ट्यासाठी नवे अर्ज घेणं बंद झालं. थोडक्यात, तयारीला दहा वर्षं होती. अर्थात दहा वर्षांची मुदत म्हणजे पहिली नऊ वर्षं कुणी लक्ष देत नाही, हेही आलंच.

रुंदी कमी करायची म्हणजे नेमकं काय करायचं? हे रेडिओ एफएम पद्धतीने चालतात. एफएममध्ये आवाजाबरोबर लहर आपल्या ठरलेल्या जागेपासून इकडेतिकडे झुलते, आणि आवाज जितका मोठा तितका झोका मोठा. या झोक्याला तंत्रज्ञ ‘डेव्हिएशन’ म्हणतात. जुन्या संचांत तो जास्तीत जास्त ५ किलोहर्ट्‌झ होता, नव्यात अडीच. जे. आर. कार्सन या अभियंत्याने १९२२ साली मांडलेला एक ठोकताळा आजही वापरतात: झोका आणि आवाजातली सर्वांत उंच फ्रिक्वेन्सी यांची बेरीज करा आणि दुप्पट करा. बोलण्यासाठी ती उंच फ्रिक्वेन्सी ३ किलोहर्ट्‌झ धरतात. जुन्या संचाचे ५ अधिक ३ म्हणजे ८, दुप्पट १६. नव्याचे अडीच अधिक ३ म्हणजे साडेपाच, दुप्पट ११. झोका निम्मा झाला तरी एकूण रुंदी निम्मी होत नाही, कारण माणसाचा आवाज आहे तेवढाच राहतो. साडेबाराच्या वाफ्यात अकरा बसतात आणि कडेला थोडी जागा उरते. सोळा बसत नाहीत. जुना संच तसाच चालू ठेवला तर तो शेजाऱ्याचा बांध कोरतो.

दुसरा गैरसमज डिजिटलचा. ‘आता सगळं डिजिटल घ्यावंच लागेल’ असं बऱ्याच जणांच्या डोक्यात बसलं होतं, आणि नवे संच विकणाऱ्यांनी तो समज दूर करण्याची फार घाई केली असेल असं वाटत नाही. नियमाने डिजिटल सक्तीचं कधीच केलं नाही. साधा अॅनालॉग संच अरुंद पट्ट्यात चालत असेल तर तो पूर्णपणे कायदेशीर होता आणि आजही आहे. १९९७ नंतरच्या बहुतेक संचांत दोन्ही रुंदी असतात. डीलरने केबल लावून प्रोग्रॅमिंग बदललं की काम झालं. त्याआधीचे कितीतरी संच मात्र मोडीत निघाले, कारण त्यांच्यात बदलण्यासारखं काही नव्हतंच.

कुणाला लागू नाही

सगळेच रेडिओ यात येत नाहीत. ८०० आणि ९०० मेगाहर्ट्‌झवरचे व्यावसायिक संच बाहेर आहेत. ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्‌झवर विनापरवाना चालणारी कमी ताकदीची उपकरणं बाहेर आहेत. दुकानात मिळणारे एफआरएस, म्हणजे घरगुती वापराचे, वॉकीटॉकी बाहेर, मोबाइल तर बाहेरच.

मधली गंमत रंगीत ठिपक्यांची. अमेरिकेत तयार मिळणाऱ्या व्यावसायिक वॉकीटॉकींवर फ्रिक्वेन्सी ओळखण्यासाठी रंगाचा ठिपका असायचा. निळा ठिपका म्हणजे १५४.५७० मेगाहर्ट्‌झ, हिरवा म्हणजे १५४.६००. या दोन फ्रिक्वेन्सी २००० साली ‘मर्स’ नावाच्या विनापरवाना सेवेत गेल्या. त्या सेवेत एकूण पाच चॅनेल आणि २ वॅटपर्यंत ताकद. या दोन्हींवर आजही २० किलोहर्ट्‌झ रुंदी चालते आणि परवाना लागत नाही. लाल ठिपका मात्र १५१.६२५ वर, आणि तपकिरी ४६४.५०० वर. या दोन्हींना परवाना लागतो आणि साडेबाराचा नियमही. दिसायला अगदी सारखे दोन वॉकीटॉकी एकाच खुंटीवर टांगलेले, आणि दोघांचा कायदा वेगळा. त्यामुळे मैदानाच्या सुपरिंटेंडंटला ‘आमच्याकडे वीस वॉकीटॉकी आहेत’ एवढं माहीत असून भागत नाही.

दुसरा अपवाद ४७० ते ५१२ मेगाहर्ट्‌झचा, ज्याला ‘टी बँड’ म्हणतात. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, बोस्टन अशा अकरा मोठ्या शहरांच्या परिसरात हा पट्टा रेडिओसाठी वापरला जातो. फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकी संसदेने पोलीस-अग्निशमन दलांकडून हा पट्टा परत घेण्याचा कायदा केला. मग जो पट्टा काढूनच घ्यायचा त्यात लोकांना नव्या संचांचा खर्च कशाला करायला लावायचा, म्हणून एप्रिल २०१२ मध्ये एफसीसीने या पट्ट्यापुरती मुदत स्थगित केली. पुढे २०२० अखेरीस संसदेने तो कायदाच रद्द केला. मुदतीला आठ महिने उरले असताना एकाला सूट आणि त्याच्या शेजारच्या, ४६० मेगाहर्ट्‌झवरच्या मैदानाला नाही, हा प्रकार समजावून सांगताना डीलरांची काय गत झाली असेल कुणास ठाऊक.

पेटीतला रेडिओ

आता पुन्हा स्प्रिंकलरकडे. टोरो किंवा रेन बर्डसारख्या कंपन्यांच्या गोल्फ सिंचन यंत्रणेत शेडमधला कॉम्प्युटर असतो आणि मैदानभर विखुरलेल्या कंट्रोलर पेट्या असतात. त्या पेट्यांना तिथली माणसं ‘सॅटेलाइट’ म्हणतात. आकाशातल्या उपग्रहाशी त्यांचा काही संबंध नाही. एकेक पेटी आपल्या भोवतीचे काही डझन व्हॉल्व्ह सांभाळते. रेडिओची यंत्रणा असेल तर शेडवर अँटेना असतो आणि प्रत्येक पेटीत एक छोटा रिसीव्हर. ‘सात नंबरच्या पेटीतला बारावा व्हॉल्व्ह नऊ मिनिटं उघड’ असा हुकूम सुरांच्या किंवा आकड्यांच्या रूपात हवेतून जातो. हवामान केंद्र, पंपघर, कधी तर सुपरिंटेंडंटच्या हातातला वॉकीटॉकीसुद्धा याच जाळ्यात असतो. ग्रीनवर उभं राहून कीपॅडवरची बटणं दाबली की समोरचा स्प्रिंकलर सुरू होतो.

रुंदी बदलताना वॉकीटॉकीपेक्षा इथे फजिती जास्त होते. समजा, शेडमधला संच अरुंद केला आणि एक पेटी रुंदच राहिली. रुंद रिसीव्हरला मोठा झोका अपेक्षित आहे, येतो निम्मा. आवाजाच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच की समोरचा पुटपुटल्यासारखा ऐकू येतो. उलट, रुंद संचाचं बोलणं अरुंद संचावर आलं तर ते फाटतं, कर्कश होतं. माणसाचा मेंदू दोन्ही गोष्टी निभावून नेतो. ‘काय म्हणालास? परत सांग’ म्हटलं की संपलं. पेटी ‘परत सांग’ म्हणत नाही. आलेला सूर ओळखण्याइतका जोरकस असेल तर ती व्हॉल्व्ह उघडते, नाहीतर गप्प बसते. जुन्या अनेक यंत्रणांत संदेश एकाच दिशेने जातो, पेटीकडून पोच येत नाही. कॉम्प्युटरच्या नोंदीत पाणी दिल्याचं दिसतं. काही दिवसांनी चौदाव्या फेअरवेवर तपकिरी डाग दिसतो तो गवताचा.

म्हणून शेडमधला मुख्य संच, रिपीटर (आलेला संदेश पकडून पुढे पुन्हा पाठवणारा संच) असेल तर तो, एकूण एक पेट्या आणि हातातले संच, हे सगळं एकाच वेळी बदलायचं असतं. आज तीन, पुढच्या आठवड्यात पाच असं जमत नाही. रुंदीत ‘जरा तुझं जरा माझं’ चालत नाही.

दुसरी गोष्ट पल्ल्याची. झोका कमी झाला की आवाजाच्या मानाने खरखर वाढते आणि पल्ल्याच्या कडेला, जिथे आधीच सिग्नल जेमतेम पोचत होता, तिथे तो तुटतो. शेडजवळच्या पेट्यांना फरकही कळत नाही. टेकडीमागची, झाडीतली, मैदानाच्या कोपऱ्यातली पेटी गळते. अशा वेळी रेडिओला दोष देण्याआधी अँटेनाची केबल बघावी. वर्षानुवर्षं उन्हापावसात राहिलेल्या केबलच्या सांध्यात पाणी शिरलेलं असतं आणि अर्धी ताकद तिथेच जिरलेली असते. रुंद पट्ट्यात ते झाकून राहत होतं, अरुंद पट्ट्याने उघडं पाडलं. आणि चाचणी झाडं पानांनी भरलेली असताना करावी, कारण हिवाळ्यात निष्पर्ण झाडांमधून सहज जाणारा सिग्नल जूनमध्ये अडतो. अँटेना थोडा उंच नेला तर बरेचदा प्रश्न सुटतो, पण परवान्यात अँटेनाची उंचीही नोंदलेली असते, हे विसरून चालत नाही.

मुदतीची तारीखही मजेशीर पडली. १ जानेवारीला मिनेसोटा किंवा मिशिगनमधली मैदानं बर्फाखाली असतात. तिथे शरद ऋतूतच पाइपांमधलं पाणी हवेच्या दाबाने बाहेर काढून सगळी सिंचन यंत्रणा बंद करतात, नाहीतर पाइप गोठून फुटतात. म्हणजे तिथे डिसेंबरमध्ये घाईघाईने बदल केला तर चूक कळणार वसंतात, पहिल्यांदा पाणी सोडताना. फ्लोरिडा-अॅरिझोनात नेमकं उलट. हिवाळा हाच तिथला गर्दीचा हंगाम, पाहुणे खेळायला आलेले, गवताला रोज पाणी लागतं. तिथे यंत्रणा दोन दिवस बंद ठेवणं म्हणजे संकटच.

डेटासाठी नियमात एक फट होती तीही सांगतो. प्रत्येक सव्वासहा किलोहर्ट्‌झमागे सेकंदाला ४,८०० बिट जात असतील तर रुंद चॅनेल ठेवायला परवानगी होती. २५ किलोहर्ट्‌झच्या चॅनेलसाठी याचा हिशेब होतो सेकंदाला १९,२०० बिट. पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायला इतका वेग कशाला लागतो? सिंचनाच्या जुन्या यंत्रणा या फटीतून सहसा निसटत नाहीत.

संच वेगळा, कागद वेगळा

संच बदलला की काम झालं असं मानणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. परवान्यावरही तो बदल व्हावा लागतो. परवान्यावर प्रत्येक फ्रिक्वेन्सीसमोर एक विचित्र अक्षरमाला असते, उदाहरणार्थ ‘२०के०एफ३ई’. ती वाचायला सोपी आहे. पहिली चार चिन्हं म्हणजे रुंदी, आणि ‘के’ हे अक्षर दशांशचिन्हाच्या जागी बसतं: २०.० किलोहर्ट्‌झ. पुढचं ‘एफ’ म्हणजे एफएम, ‘३’ म्हणजे एक अॅनालॉग चॅनेल, ‘ई’ म्हणजे बोलणं. नव्या परवान्यावर तिथे ‘११के२एफ३ई’ किंवा ‘११के०एफ३ई’ असं दिसायला हवं. शेवटचं अक्षर ‘डी’ असेल तर तो डेटा, म्हणजे बहुधा सिंचनाचा रेडिओ. हे एक अक्षर बघूनच कित्येकदा कळतं की आपल्याकडे दोन वेगळे परवाने आहेत आणि आपण बोलण्याचा एकच दुरुस्त केला आहे.

दुरुस्ती एफसीसीच्या ऑनलाइन परवाना प्रणालीत, ६०१ नंबरच्या अर्जाने होते. फक्त रुंदी कमी करायची असेल तर फ्रिक्वेन्सी कोऑर्डिनेटरकडे, म्हणजे कुणाला कोणती फ्रिक्वेन्सी देता येईल ते तपासणाऱ्या संस्थेकडे, जावं लागत नाही, कारण आपण कुणाच्या जागेत घुसत नाही, उलट जागा सोडतो. पण खरी अडचण अनेकदा त्याआधीच येते: परवाना सापडतच नाही. तो दहा वर्षांसाठी असतो. मधल्या काळात मैदान विकलं जातं, चालवणारी कंपनी बदलते, सुपरिंटेंडंट दुसरीकडे जातो. परवाना जुन्या मालकाच्या नावावर राहतो, मुदतीची सूचना जुन्या पत्त्यावर जाते आणि एके दिवशी परवाना संपलेला असतो. संपलेला परवाना दुरुस्त करता येत नाही. नव्याने अर्ज, आणि मग कोऑर्डिनेटरही आला. म्हणून मी तर सांगेन, स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी कॉलसाइन, म्हणजे परवान्याची अक्षर-आकड्यांची ओळखखूण, शोधा. कंट्रोलरच्या पेटीच्या झाकणाच्या आत, शेडमधल्या मुख्य संचावर, जुन्या फायलीत, कुठे तरी ते लिहिलेलं असतं. कॉलसाइन हाती आलं की एफसीसीच्या संकेतस्थळावर परवाना कुणाच्या नावावर आहे, कधी संपतो आणि त्यावर कोणती अक्षरमाला आहे, हे कुणालाही फुकट बघता येतं. ‘कुणालाही’मध्ये शेजारच्या चॅनेलवरचा तक्रारदारही आला.

कायदा दोन्ही बाजूंनी बघतो. संच अरुंद आणि कागद रुंद असेल तर कागदावर नियमभंग दिसतो. कागद अरुंद आणि संच रुंद असेल तर हवेत नियमभंग होतो, आणि तो जास्त वाईट, कारण त्याने दुसऱ्याचं बोलणं बिघडतं. मुदतीपूर्वी एफसीसीने जाहीर केलेली दंडाची कमाल रक्कम होती दर दिवसाला किंवा दर उल्लंघनाला १६,००० डॉलर, आणि एका प्रकरणात १,१२,५०० डॉलरपर्यंत. ज्यांना मुदतीत जमणारच नव्हतं त्यांना सवलतीसाठी अर्ज करता येत होता, पण ‘पैसे नाहीत’ एवढ्यावर भागत नव्हतं. काय काय केलं, किती संच उरले, कधी संपवणार, हे मांडावं लागायचं.

साडेबारावर हे थांबेल का? सव्वासहा किलोहर्ट्‌झची चर्चा तेव्हापासून आहे, पण सगळ्यांना तिथे जायला लावणारी तारीख एफसीसीने ठरवलेली नाही. ज्यांना नवे संच घ्यायचेच होते त्यांनी डीएमआरसारखे डिजिटल संच घेतले. त्यात साडेबाराच्या एकाच वाफ्यात वेळेचे दोन भाग करून दोन संभाषणं आळीपाळीने चालतात. मोठ्या मैदानाला याचा उपयोग होतो: एका भागावर देखभालीचे लोक, दुसऱ्यावर खेळाडूंची ये-जा सांभाळणारे. मात्र डिजिटल आवाज पल्ल्याच्या कडेला खरखरत नाही, एकदम नाहीसा होतो. ज्यांना खरखरीतून बोलणं वेचायची सवय आहे ते यावर बरेच दिवस कुरकुरतात.

जुन्या रुंद संचांपैकी काही हौशी रेडिओवाल्यांकडे गेले. १४४ ते १४८ मेगाहर्ट्‌झच्या त्यांच्या पट्ट्यात ५ किलोहर्ट्‌झचा झोका आजही चालतो, आणि व्यवसायासाठी बनलेला दणकट संच त्यांना स्वस्तात मिळाला तर हवाच असतो. देताना एवढंच बघायचं की आतलं जुनं प्रोग्रॅमिंग पुसलेलं आहे, नाहीतर कुणी तरी कुठल्या तरी घराच्या माळ्यावर बसून सात नंबरच्या पेटीतला बारावा व्हॉल्व्ह उघडायचा.